बिननावाचा हेल

शेजारचे लालासाहेब गेल्याचं कळताच बनुबाई हातातलं काम टाकून त्यांच्याकडं धावली. दाराशी पोचण्याआधीच आतून हेल उठला, "आवं धनी, आता चष्मा कुणाचा पुसू वंऽ?" ती थबकली. लालासाहेबांना कुठला चष्मा? चष्मा होता तो तिच्या धन्याला. आत बायका पदर तोंडाला लावून गप्प बसलेल्या. रडत होता खिडकीतला स्पीकर, बनुबाईच्या आवाजात. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून गेल्या साली धनी गेले तेव्हा रडतानाही तिनं ते घेतलं नव्हतं. तेच रडणं आता कुणाच्याही दारात चालत होतं. "असं हेल काढून रडाय हल्ली कुणाला येतंय? तुमच्या सूनबाईनं फोनवर धाडलंय," शेजारीण कौतुकानं कुजबुजली. धनी गेले त्या दिवशी सून तिला बिलगून बसली होती, एक हात सासूच्या पाठीवरून फिरवत. दुसऱ्या हातात काय होतं, ते आज कळलं.