ठेवून गेलेल्या थैल्या

फडताळात मधाच्या एकोणचाळीस बाटल्या होत्या. काल एकसष्ट होत्या. हर्षाने पुन्हा मोजल्या. एकोणचाळीसच. चारोळीची पाकिटे चाळीसवरून एकोणतीसवर आली होती, बांबूच्या टोपल्या सव्वीसवरून सतरावर. वेबसाइटवर मात्र आतापर्यंतची एकूण विक्री कालच्याइतकीच होती. शून्य.

“गिरजाबाई, चोरी झाली का?”

“चोरी कायची? पाठवल्या.” गिरजाबाई टोपल्यांवरची धूळ झटकत होत्या. “लोकं थैल्या ठेवून गेले ना. चौदा. सगळ्या पोस्टानं पाठवल्या. गावातली तेवढी हातोहात देऊन आली.”

हर्षा खाली बसली.

पोंभुर्ण्यातल्या अकरा बायांच्या बचत गटाचे हे दुकान. गिरजाबाई त्याच्या अध्यक्ष. हर्षा गावातलीच, रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेली. ऑनलाइन विक्रीची कल्पना तिची. वेबसाइट तिने बनवली, पैसे भरायचे पान जोडले, आणि ‘कार्ट’ म्हणजे काय ते कोणालाच कळेना म्हणून बटणावर ‘थैलीत टाका’ असे लिहिले. गटाने तिला एक महिना दिला होता. तेवढ्यात एकही थैली विकली गेली नाही, तर वेबसाइट बंद करायची आणि सगळा मध चंद्रपूरच्या व्यापाऱ्याला तो म्हणेल त्या भावाने द्यायचा. महिना संपायला नऊ दिवस उरले होते.

लोक वेबसाइटवर येत होते. थैली भरत होते, नाव, फोन, पत्ता लिहीत होते, आणि पैशांचे पान उघडले की निघून जात होते. असे का होते ते शोधायला हर्षाने यादी छापून भिंतीला लावली होती. नागपूर पाच, पुणे चार, मुंबई तीन, हैदराबाद एक, पोंभुर्णा एक. पोंभुर्ण्याची नोंद तिने तपासली नव्हती. एका नोंदीने निष्कर्ष बदलत नाही.

“पैसे आले नाई तर माल काऊन पाठवला?” तिने विचारले.

“बाजारात कोनी थैली भरून आपल्याजवळ ठेवते, मंग बाकीचा बाजार फिरून येते. आपन काय करतो? तिचा मध दुसऱ्याले विकतो का?”

“नाई.”

“मंग? हे लोकं तर पत्तेबी देऊन गेले. येवढ्या दुरून कवा येतीन बिचारे?” गिरजाबाईंनी एक चिठ्ठी पुढे केली. प्रत्येक थैलीत तशीच एक होती. तिच्यावर पैसे भरायच्या कोडाची झेरॉक्स चिकटवलेली आणि खाली लिहिलेले : तुमची थैली आमच्याकडे राहिली होती. मुंग्या लागतील म्हणून पाठवत आहोत. पैसे सवडीने द्या.

“पंचवीस वर्सं झाली बाजारात बसून. एकाचीबी थैली बुडाली नाई.”

“ते गावचे लोक होते,” हर्षा म्हणाली. “हे कोन, कुठचे! चौदापैकी दोघं पैसे देतीन. जास्तीत जास्त.” तिने वहीत लिहूनही ठेवले : अपेक्षित दोन.

पुढचे पाच दिवस दुकानातला पैसे आल्याचे सांगणारा डबा गप्प होता. हर्षाला झोप लागेना. सकाळी ती घरी भाकरीबरोबर मध खायची, तेवढेच गोड. बाटली वडिलांनी, देवाजींनी, आणून ठेवली असावी. त्यांनी काही सांगितले नाही. तिने काही विचारले नाही.

सहाव्या दिवशी पुण्याहून फोन आला. हर्षाने तो स्पीकरवर टाकला.

“अहो, मी काही मागवलंच नव्हतं!” एक बाई चिडून बोलत होत्या. “ही काय पद्धत झाली?”

हर्षा माफी मागणार, तेवढ्यात गिरजाबाईंनी फोन ओढून घेतला.

“बाई, थैलीत मध कोनं टाकला?”

“मीच.”

“पत्ता कोनं लिवला?”

“मीच लिहिला. पण…”

“मंग राह्यलं काय? मुंग्या तर नाई ना लागल्या?”

“नाही लागल्या.” बाईंचा आवाज खाली आला. “चांगला आहे मध.”

फोन बंद झाला. मिनिटभराने डबा खणखणीत आवाजात बोलला : पाचशे चाळीस रुपये प्राप्त झाले. टोपल्यांवर झोपलेले मांजर उडी मारून बाहेर पळाले.

मग डबा थांबेना. नागपूरच्या पाचही थैल्यांचे पैसे एकाच दुपारी आले. मुंबईच्या एका माणसाने वीस रुपये जास्त पाठवले आणि ‘मुंग्यांसाठी’ असे लिहिले. हैदराबादच्या बाईने आणखी चार बाटल्या मागवल्या, पण पैशांच्या पानावर या वेळीही थांबली. तिला आता सवय झाली होती. मांजराने दुकानात यायचे सोडले.

शनिवारी महिना संपला. गिरजाबाईंनी व्यापाऱ्याला फोन केला. “भाऊ, उद्या येऊ नोका. आलेच तर थैली घेऊन या, सगळ्यांसारखी.” मग भिंतीवरच्या यादीवर खुणा करत त्या खालून वर गेल्या. तेरा खुणा झाल्या.

“एक राह्यली,” त्या म्हणाल्या. “ते आपली गावचीच हाय, म्हनून मी बोलली नाई.”

हर्षाने यादी पाहिली. नोंद क्रमांक एक. तारीख वेबसाइट सुरू झाली त्या रात्रीची, पैशांचे पान नीट उघडते का ते तपासले तेव्हाची. गाव पोंभुर्णा. नाव हर्षा देवाजी रामटेके. माल, मधाची एक बाटली.

ती घरी गेली आणि बाटली घेऊन आली. दुकानातल्या काट्यावर ठेवली, रिकाम्या बाटलीचे वजन वजा केले आणि वहीत लिहिले : पाचशे ग्रॅमपैकी शिल्लक एकशे दहा ग्रॅम.