मालिनीबाईंचा रकाना

धाकटीच्या लग्नाच्या नोंदणीत व्याह्यांसमोर अंगठा उठवावा लागला, त्याच उन्हाळ्यात माणिक शिपाई सही शिकला. चौथीच्या मालिनीबाईंनी सुट्टीभर त्याला आपल्या ओट्यावर बसवून गिरवून घेतलं.

शाळा भरायला चार दिवस होते. वर्ग झाडायला, टाकी घासायला तो सकाळीच आला आणि हजेरीच्या वहीत ओळखीचा 'मा' दिसला तिथे ऐटीत सही ठोकून मोकळा झाला.

थोड्या वेळाने हेडमास्तर सगळ्यांदेखत गरजले, "मालिनीबाईंच्या रकान्यात शिपायाची सही! उद्यापासून वर्गही माणिकरावच घेणार का?"

माणिकचे कान तापले. तो तोंड उघडणार तोच बाई म्हणाल्या, "त्यांचं काही नाही सर, मीच चुकीच्या ओळीवर बोट ठेवलं." बाई तर तेव्हा शाळेत आल्याही नव्हत्या.

"धन्य आहे! सुट्टीत अक्षरं विसरलात वाटतं, बाई?"

सगळे हसले. आपण सुटलो, या आनंदात माणिकही हसला. बाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि पिशवी उचलून त्या वर्गाकडे गेल्या.

टाकी घासताना त्याला मान वर करवेना. उद्या माफी मागू, असं त्याने ठरवलं. मग शाळा भरली, पोरं आली, आणि बाई दिसल्या की तो झाडू घेऊन दुसरीकडेच वळू लागला. बाई मात्र लांबूनच विचारायच्या, "काय माणिकराव, बरं ना?"

मालिनीबाई त्याच वर्षी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी वारल्या.