कुत्र्याची गोळी

मेडिकलवाल्या काकांनी चिठ्ठी वाचून चष्म्यावरून पाहिलं. “पुरुषांची ‘ती’ गोळी? कुणासाठी?” “कुत्र्यासाठी. फुप्फुसातला रक्तदाब वाढलाय, श्वास पुरत नाही. प्राण्यांच्या डॉक्टरांनीच लिहिलीय.” रांगेत हशा पिकला. “आजवर सगळे मित्रावर ढकलायचे, कुत्र्यावर ढकलणारा तू पहिलाच!” काका म्हणाले. तेवढ्यात मागून ओळखीचा खोकला आला. होणारे सासरे! “राहू द्या काका, बाम द्या,” मी म्हणालो. बाहेर स्कूटरवर माझा म्हातारा कुत्रा जांभळी जीभ काढून धापा टाकत होता आणि मी न दुखणाऱ्या डोक्यासाठी बाम निवडत होतो. सासऱ्यांनी बाहेर पाहिलं, काउंटरवरची चिठ्ठी पुढे सरकवली. “ती गोळी द्या हो. माझ्यासाठी.” हशा दुप्पट झाला. पाकीट माझ्या हातात कोंबत ते म्हणाले, “पळ आधी. यांच्याकडे मी बघतो.” बाहेर कुत्र्याने माझा हात चाटला, जणू सगळ्यांचं हसू झेलून गोळी मीच मागितली होती.