एकेचाळीस हजार तास

“नियमानं दोनच संगणक तपासायचेत न्हवं?” बापूसो हेरवाडेंनी तिसऱ्यांदा विचारलं.

“कमीत कमी दोन, असं लिहिलंय,” सोनल म्हणाली. “जास्त तपासायला बंदी नाही.”

शिवाजी पेठेतल्या त्या मुलींच्या शाळेला पुण्याच्या एका संस्थेनं वीस संगणक दिले होते. पुरवले बापूसोंनी. ते खरंच नवे आहेत का, हे बघायला संस्था आपला माणूस पाठवणार होती. एकही जुना निघाला तर थेट पोलिसात तक्रार, असं करारातच होतं. कोणी पोट सुटलेला साहेब येईल, तांबडा-पांढरा रस्सा ओरपून सही करून जाईल, अशा भ्रमात बापूसो होते. आली ती पंचविशीतली मुलगी, सोनल. तिला दारात बघून ते जागीच थबकले होते. तिनंही बिल दोनदा वाचलं आणि पहिल्या संगणकासमोर बसली.

“मॅडम, गाव कुठलं म्हणायचं तुमचं?” मुख्याध्यापक आकाराम सरांनी विचारलं. कोल्हापुरात हा प्रश्न कुणाला चुकत नाही.

“पुण्याहून आलेय,” ती म्हणाली. हे काही उत्तर नव्हतं, पण सर भिडस्त. त्यांनी पुढं विचारलं नाही.

पडद्यावरच्या माहितीच्या चौकटीत सगळं झकास दिसत होतं. नवा प्रोसेसर, भरपूर मेमरी. पण ती चौकट कुणालाही हवी तशी बदलता येते. सोनलनं स्वतःचा पेनड्राइव्ह लावला, त्यावरून संगणक सुरू केला आणि काळ्या खिडकीत एकेक कमांड टाइप करू लागली. प्रोसेसर कोणता? मदरबोर्ड कधीचा? डिस्क आजवर किती तास चालली? हे प्रश्न थेट आतल्या भागांना जातात. तिथं कुणाचा वशिला चालत नाही.

पहिला संगणक नवा निघाला. दुसराही.

“झालं की!” बापूसोंनी कपाळ पुसलं. “केरबा, मॅडमांना चहा सांग. बिनसाखरेचा, आलं घालून.”

शिपाई केरबा गेला. सोनल उठली आणि सरळ मागच्या रांगेत जाऊन बसली.

“तो नगं,” बापूसो घाईनं म्हणाले. “तिकडं वायरिंगचा घोळ हाय.”

तिनं पेनड्राइव्ह लावला. खाली मैदानात पोरी फुटबॉलवरून भांडत होत्या. काळ्या खिडकीत ओळी सरसर उतरल्या. सोनलनं त्या वाचल्या, आणि पुन्हा तीच कमांड दिली. उत्तर तेच आलं.

“सर, मदरबोर्ड दोन हजार तेराचा आहे. डिस्क एकेचाळीस हजार तास चाललीय. रात्रंदिवस चालू ठेवला तरी साडेचार वर्षं होतात. तुमच्याकडं हा जूनमध्ये आला.”

सरांना हे समजायला जरा वेळ लागला. मग त्यांचा चेहरा लाल झाला.

“म्हणजे परवा चाचणीत अकरा पोरींचे पेपर मधेच उडाले ते यामुळं? हेरवाडे, मी त्या पोरींना झापलं हो! एक तर रडत घरी गेली.”

बापूसो उगाच वायरी नीट करू लागले.

सोनलनं एकही संगणक सोडला नाही. चार वाजेपर्यंत वीस झाले. वरचे डबे कोरे करकरीत, आत भंगार. नवे फक्त पुढचे दोन. चहा तसाच गार होऊन गेला.

“सर, जरा मॅडमांशी एकटं बोलू द्या,” बापूसो म्हणाले.

“सर इथंच थांबतील,” सोनल म्हणाली. तिनं बापूसोंकडं बघितलंही नाही.

“बरं, मग सरांदेखत सांगतो. चूक झाली. अठराच्या अठरा बदलून देतो. फक्त कागदावर आणू नका.” बापूसोंनी हात जोडले. “माझ्या पोरीचं लग्न ठरलंय, मॅडम. मार्गशीर्षातली तारीख हाय. पावणं सांगलीचं, नावाला जपणारी माणसं. पोलीस दारात आलं तर सोयरीक मोडलीच.”

सर चुळबुळले. ते स्वतः दोन मुलींचे बाप होते, आणि रागात असूनही त्यांना वाईट वाटलं.

“मुलीला माहीत आहे हे?” सोनलनं विचारलं.

“न्हाय. तिला यातलं कायबी ठावं नव्हतं.”

“तिला विचारा तरी. असल्या पैशानं उभा केलेला मांडव तिला चालेल का?”

“तिला आवडलाय तो मुलगा,” बापूसो हळूच म्हणाले. “जीव हाय तिचा. म्हणून म्हणतो, तिच्यासाठी तरी...”

सोनलचे डोळे भरून आले. सरांना वाटलं, पोरगी नोकरीत नवीन आहे, दबावाला घाबरली. ते तिच्या शेजारी येऊन उभे राहिले.

“मॅडम, तुम्ही भिऊ नका. जे दिसलं ते लिहा. मी हाय की.”

तिनं मान हलवली. फॉर्म पुढं ओढला. ‘नवे’च्या चौकटीत दोन, ‘जुने’च्या चौकटीत अठरा असं लिहिलं. शेऱ्यात ‘पुरवठादारावर गुन्हा दाखल करावा’ लिहिलं. अक्षर सुवाच्य होतं.

खाली तिनं घाईत नुसती सही केली. सरांनी फॉर्म हातात घेतला, चष्मा सारखा केला.

“मॅडम, सहीखाली पूर्ण नाव लिहायचं राहिलं.”

तिनं फॉर्म परत घेतला आणि लिहिलं, सोनल बापूसो हेरवाडे.