शब्बाथचा फोन

शनिवारी सकाळी फोन वाजला आणि एफ्राइमकाका दचकलेच. स्क्रीनवर अविटलचं नाव. इस्रायलला गेल्यापासून त्यांची ही लेक शनिवारचा शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस, इतका कडक पाळायची, की त्या दिवशी फोनला हातही लावत नसे. जिवावरचं काही असल्याशिवाय ती करणारच नाही. एरवी काकाही शब्बाथला फोनपासून चार हात लांब असत, पण आज त्यांनी झडप घातली. हिरव्या बटणावरून बोट ओढलं, पुन्हा ओढलं, सदऱ्याला पुसून ओढलं. टच ढिम्म! नवीन पनवेलचा दुकानवाला दर खेपेला सांगायचा, "काका, हा टच असाच वेड्यासारखा वागणार, डिस्प्ले बदलून टाका." काका नुसती काच साफ करून आणायचे.

शेवटी एकदाचा फोन उचलला गेला.

"काय झालं गं? पोरं बरी आहेत ना?"

"पप्पा, तुम्हाला काय झालंय?" ती रडतच होती. "पहाटेपासून तुमचे फोन येतायत. उचलला की नुसता पंख्याचा आवाज. शब्बाथला तुम्ही कधी फोन करता का? माझा तर जीवच गेला."

"मी नाही गं केला. टच बिघडलाय. आपोआप कुणालाही लावतो."

"कुणालाही कुठे, पप्पा? दर वेळी मलाच लागलाय."

"या फोनात आता दुसरं नाव कुणाचं राहिलंय?"