बाकावरची बाई

"आजपासून इंजेक्शन बंद," किल्लीवाला काउंटरवरच्या नर्सला म्हणाला. "फार हाल झाले त्याचे. राहिलेले दिवस तरी सुखाने जाऊ देत."

त्याचा कुत्रा भुंग्या पायाशी पडून होता. पुढचा उजवा पाय खांद्यापासून काढलेला. त्या पायाच्या हाडात कॅन्सरची गाठ निघाली होती. जनावरांच्या या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ती प्रयोगशाळेत पाठवली आणि तिच्यातूनच भुंग्यापुरतं औषध तयार करून घेतलं. "नवीन उपचार आहे. हे औषध दुसऱ्या कुत्र्याला लागू पडणार नाही," त्यांनी सांगितलं होतं. किल्लीवाल्याला ते चटकन कळलं. ज्याचं कुलूप त्याची किल्ली, यातच त्याचं आयुष्य गेलं होतं. पण प्रत्येक इंजेक्शननंतर भुंग्याला ताप भरायचा. तो अन्नाला तोंड लावायचा नाही. घरी बायको डोळे पुसत म्हणायची, "अहो, मुकं जनावर ते. किती छळायचं?"

"आणखी एकदा देऊन बघा ना," मागून आवाज आला.

तीच ती. दर खेपेला खिडकीजवळच्या बाकावर बसलेली असायची. भुंग्या दिसला की उठून यायची. ताप आला होता का? जेवला का? रात्री झोपला का? पोलीससुद्धा एवढं विचारत नसतील. किल्लीवाल्याने तिचं नाव चौकशीबाई ठेवलं होतं.

आज मात्र त्याचा पारा चढला. "तुम्हाला काय जातंय सांगायला? ज्याचं जळतं त्यालाच कळतं."

बाईने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग ती खाली फरशीवर बसली. भुंग्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. भुंग्याने डोळे उघडले आणि शेपूट हलवली. बऱ्याच दिवसांनी हलवली.

किल्लीवाला बघत उभा राहिला. "बरं," शेवटी तो नर्सला म्हणाला, "आजचं द्या. पुढचं पुढे बघू."

पुढची इंजेक्शनंही मग झाली. ताप हळूहळू कमी होत गेला. तीन पायांवर भुंग्या दुकानाची पायरी चढायला लागला, गिऱ्हाइकांवर भुंकायलाही लागला. मग छातीच्या एक्स-रेचा दिवस आला. ही गाठ फुप्फुसात उतरते आणि एकदा उतरली की संपलं, हे किल्लीवाल्याला ठाऊक होतं. बंद दाराबाहेर तो रिकामा पट्टा मुठीत आवळून उभा राहिला.

दार उघडलं. डॉक्टरीणबाई हसत होत्या. "स्वच्छ आहेत फुप्फुसं. औषध लागू पडलंय."

किल्लीवाला तिथेच फरशीवर बसला. भुंग्या धावत आला तसा त्याच्या मानेत तोंड खुपसून हमसून हमसून रडला. बायकोला फोन लावला, तर "सुटलो गं" एवढंच म्हणता आलं.

डोळे पुसून तो उठला, तेव्हा त्याला दिसलं, बाकावर चौकशीबाईही रडत होती. तोंडावर रुमाल दाबून, आवाज न करता. त्याला लाजल्यासारखं झालं.

"ताई, त्या दिवशी तोंड सुटलं माझं. मनावर घेऊ नका."

"छे हो."

"तुमचा कुत्रा मात्र कधी दिसला नाही."

"माझ्याकडे कुत्रा नाही," ती म्हणाली. "मुलगी आहे. तिच्या पायात हीच गाठ आहे. तिचे डॉक्टर म्हणाले, कुत्र्यांमध्ये हे जमलं की मग मुलांना देऊन बघता येईल."

भुंग्या तिच्या चपला हुंगत होता.

"मग त्या दिवशीच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर तुम्हाला नाही म्हणता आलं नसतं."