जुळता रंग

“सुई नाही देणार?” खुर्चीत आडवं होता होता त्याने विचारलं.

“मेलेल्या दाताला कसली सुई?” डॉक्टरबाई हातमोजे चढवत म्हणाल्या. “रूट कॅनाल करून त्याची नस कधीच काढलीय. त्याला ना थंड कळत, ना गरम. तुम्ही नुसता आ करून पडा.”

त्याने आ केला. आज शेवटची खेप होती. समोरच्या वरच्या दाताला मागून बारीक भोक पाडून बाई त्यात पांढरं औषध भरायच्या, वरून तात्पुरतं सिमेंट लावायच्या आणि घरी पाठवायच्या. दर खेपेला दात थोडा उजळायचा. आज औषध काढून भोक कायमचं बुजवायचं होतं. आतून दाताच्या रंगाचा भराव बसला की उरलीसुरली सावलीही जाईल, असं बाईंनी सांगितलं होतं.

हा दात शाळेत असताना गेला. जिना उतरायच्या शर्यतीत थोरल्याचं कोपर बसलं. थोरला म्हणजे काही मिनिटांनीच मोठा. दोघं जुळे, आणि इतके सारखे की शेजारीपाजारी सोडाच, वडील होते तोवर तेही फसायचे. कोपर बसल्यावर मात्र कोणी फसलं नाही. दात हळूहळू राखेच्या रंगाचा झाला आणि घरादाराची सोय झाली. काळा दात तो धाकटा.

गेल्या वर्षी थोरला कामावरून घरी येताना अपघातात गेला.

तेव्हापासून धाकट्याला एक सवय लागली होती. दारातून आत पाऊल टाकायच्या आधी तो ओठ वर करून दात दाखवायचा. सुरुवातीला एकदा विसरला, तर आईच्या हातातलं पातेलं खाली पडलं. ती धावत दारापर्यंत आली, त्याने बोलायला तोंड उघडताच तिला काळा दात दिसला आणि ती थांबली. “तू होय,” एवढंच म्हणून आत गेली. ते “तू होय” त्याच्या कानातून जात नव्हतं.

म्हणून आई आपणहून म्हणाली, “तो दात पांढरा करून घे बाबा, बरा दिसत नाही,” तेव्हा त्याला हायसं वाटलं. आई सावरली, आपल्याकडे बघायला लागली. आता माझ्या लग्नाचं काढते बघा, असं तो मित्रांना चेष्टेने म्हणालाही. दर खेपेला ती त्याच्याबरोबर यायची आणि मांडीवर पिशवी घेऊन बाहेरच्या बाकावर बसायची. घरी गेल्यावर त्याला खिडकीपाशी उभं करायची, हनुवटी धरून दात निरखायची.

“अजून नाही,” म्हणायची आणि कामाला लागायची.

बाईंनी भराव घासून गुळगुळीत केला, त्याला चूळ भरायला लावली आणि नमुन्याच्या दातांची पट्टी त्याच्या ओठांशी धरली. एकेक नमुना लावून पाहिला. मग पट्टी बाजूला ठेवून दिली.

“शेजारच्याशी तंतोतंत जुळला. यातला मेलेला कुठला, ते आता मलाही सांगता यायचं नाही.” त्यांनी त्याच्या हातात आरसा दिला. “हसून बघा जरा.”

तो हसला. आरशात थोरला हसत होता.

त्याने घाईने ओठ मिटले. हातातला आरसा मांडीवर पालथा ठेवला.

“बाई, हा परत थोडा काळा करता येईल?”

“चेष्टा करता की काय!” बाई खळखळून हसल्या आणि दार उघडून त्यांनी हाक मारली, “या हो आई, बघा तुमचा मुलगा!”

आई आत आली. पिशवी बाकावरच राहिली होती. ती खुर्चीच्या अगदी जवळ, दिव्याच्या उजेडात येऊन उभी राहिली.

“हस,” ती म्हणाली.

“घरी गेल्यावर बघ ना, आई.”

“हस ना रे, थोरल्या.”

बाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. मुलाचं घरातलं नाव असेल. त्या हात धुवायला बेसिनकडे वळल्या.

धाकट्याने मान वर केली. मी तो नाही, हे शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते. पण वर्षभरात पहिल्यांदाच आई थेट त्याच्या डोळ्यांत बघत होती. तिच्या चेहऱ्यावर थकवा नव्हता, दुःख नव्हतं, काहीच नव्हतं. फक्त वाट बघणं होतं.

तो हसला.

आईने हात पुढे करून त्याच्या गालावर ठेवला. “किती रे उशीर,” ती पुटपुटली. मग नळाच्या आवाजातून ऐकू जाईल अशा बेताने तिने विचारलं,

“बाई, हा किती दिवस राहील?”

“चार-पाच वर्षं तरी चिंता नाही,” बाई पाठमोऱ्याच म्हणाल्या. “पुढे हळूहळू काळवंडत जातो कधी कधी.”

“चालेल,” आई म्हणाली.

तिने गालावरचा हात काढला नाही. आणि त्याला ओठ मिटता येईनात.